त्याच्या वतीनं

काच कापायचा तो, पण काच कुठं, किती आणि कशी लागणार हे ठरवायची ती. लोकांना वाटायचं, काचवाल्याची बायको नुसती टेप घेऊन हिंडते. हिंडायची खरीच. पण कुठलीही चौकट वरून जेवढी असते तेवढी खालून नसते, हे तिला इतक्या वर्षांत पुरतं कळलं होतं, म्हणून ती प्रत्येक खिडकी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची. माणसांचंही तसंच असतं, पण गिऱ्हाइकाला ते सांगायची सोय नाही. मग दुकानात येऊन ती आकडे सांगायची आणि तो मान खाली घालून, सूतभर कमी धरून काच कापायचा. ती चौकट त्यानं जन्मात बघितलेली नसायची. तिनं सांगितलं ना, मग झालं.

दुकानातली ही सवय घरातही शिरली होती. भाड्याचं घर बघायला ती पुढं. मुलीची शाळा बघायला ती. दाताचा डॉक्टर दुखवतो की नाही हे बघायला, स्वतःचा एकही दात दुखत नसताना, तीच जाऊन खुर्चीत बसून आली होती. फार काय, लग्नाआधी तिला भेटायलासुद्धा त्यानं आधी आपल्या मोठ्या बहिणीला पाठवलं होतं. भित्रा म्हणावं तर माणसाएवढ्या उंचीचं तावदान एकट्यानं पाठीवर टाकून जिना चढणारा गडी होता. पण अनोळखी दारात पहिलं पाऊल टाकायचं म्हटलं की त्याचे पाय जड व्हायचे. "तू माप घेऊन ये," म्हणायचा, "मग मी येतो."

दारूच्या दारात मात्र तो कुणाला पुढं न पाठवता एकटाच गेला.

आधी ती संध्याकाळची होती. संध्याकाळच्या दारूला जग फारसं नाव ठेवत नाही. मग सकाळी त्याचा हात थरथर कापायला लागला, आणि हात कापणाऱ्या काचवाल्यानं करायचं काय? काचेवर रेघ एकदाच मारायची असते. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका दमात. मध्ये कटर उचलला किंवा त्याच रेघेवरून पुन्हा फिरवला, की काच मग तिला वाटेल तशी फुटते. हात स्थिर व्हायला सकाळी एक घोट लागायला लागला. मग दोन. बाटली लांबीच्या डब्यात असायची, म्हणजे चौकटीत काच पक्की करायला जो लगदा लावतात त्याच्या डब्यात. वर लांबीचा थर, खाली बाटली. तिला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कारण लांबी संपायची बंद झाली होती.

भांडणं झाली. रुसवेफुगवे झाले. लांब राहणाऱ्या मुलीनं फोनवर शपथा घातल्या. त्यानं त्या घेतल्या आणि मोडल्या, आणि मोडल्यावर तोच जास्त रडला. मग एका सकाळी त्यानं एकामागून एक तीन काचा चुकवल्या, तिथंच जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आता काहीतरी करायला पाहिजे गं."

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, रक्त बघितलं, आणि सरळ सांगितलं की लिव्हर फार दिवस साथ देणार नाही, पण आत्ता थांबलात तर देईल. "गोळ्या मी देतो," ते म्हणाले, "पण ह्याला माणसं लागतात. वाचनालयाच्या इमारतीत वर मिटिंग असते. मंगळवारी संध्याकाळी. पिणं सोडलेले लोक येऊन बसतात. तुम्ही जा."

दवाखान्याच्या बाहेर येऊन तो चार पावलं चालला आणि थांबला. पुढचं वाक्य काय असणार हे तिला माहीत होतं.

"तू जाऊन बघून ये. माणसं कशी आहेत, कुणी ओळखीचं निघतंय का. मग मी नक्की येतो."

तो नक्की म्हणाला होता. ती त्या शब्दाला धरून निघाली.

वाचनालयाच्या दारात एक माणूस स्टुलावर बसला होता. तिनं आवाज अगदी खाली आणून विचारलं, "ते मंगळवारचं... वर असतं ना?"

"मंगळवारचं सगळं वरच असतं," तो अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा बोलला. "पोरांचं कराटे, पाण्याची कमिटी, आणि दारू सोडणारे. तुम्हाला कुठलं?"

"बघते मी," म्हणून ती लगबगीनं जिना चढली.

वरच्या दुसऱ्या खोलीत गोल करून माणसं बसली होती आणि गलका चालला होता. एकजण टेबल आपटत होता, दुसऱ्याचे डोळे तांबडे झाले होते, तिसरा म्हणत होता की तू एक नंबरचा खोटारडा आहेस. बरोबर आहे, तिच्या मनात आलं, अशीच असणार, ह्यांना सुधारायला वेळ लागणार. ती कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसली. बराच वेळ ऐकल्यावर तिला उमगलं की भांडण टाकीच्या पाइपवरून चाललंय आणि ही पाण्याची कमिटी आहे. दारू सोडणारे शेजारच्या खोलीत होते. तिथं इतकी शांतता होती की ती खोली रिकामी समजून पुढं निघून आली होती. काखेत कळसा म्हणतात तो हा असा.

शेजारच्या खोलीत सातआठ खुर्च्या होत्या, मोठा थर्मास होता, आणि खिडकीला एक तडकलेली काच होती, जी तिनं आत पाऊल टाकतानाच डोळ्यांनी मोजली. एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत होते. ते पूर्वी गाडी चालवायला शिकवायचे. कुणी फार भरभर बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. चहा ओतणारी बाई थोराड अंगाची होती. ती इस्पितळात नर्स होती म्हणून तिला नर्सबाई. बाकीची माणसं तुमच्याआमच्यासारखी. कुणी कंडक्टर, कुणी बँकेतला, कुणी नुसताच रिटायर. घरोघरी मातीच्या चुली.

नर्सबाईनं काठोकाठ भरलेला कप तिच्या हातात दिला. मास्तर बोलायला लागले.

"इथं कुणी कुणाला काही विचारत नाही. ज्यानं त्यानं स्वतःपुरतं बोलायचं. नवरा, बायको, साहेब, सासू, सगळ्यांना दाराबाहेर ठेवायचं. आणि इथं बसायचं ते फक्त पिणाऱ्यानं. घरच्या माणसांसाठी दुसरा वार आहे. नियम तेवढेच."

आता खरं तर तिनं उठायला हवं होतं. "मी ह्यांच्यासाठी आलेय," एवढं म्हटलं असतं तर कुणी तिला खाल्लं नसतं. पण ती माप घ्यायला आली होती, आणि दाराबाहेर उभं राहून आतल्या चौकटीचं माप घेता येत नाही. ती विचार करत राहिली आणि पाळी तिच्यापर्यंत येऊन पोचली. सगळे तिच्याकडे बघत होते. बघणंही कसं, तर घाई नसल्यासारखं. तिच्याकडे असं कुणी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"माझा सकाळी हात कापतो," ती म्हणाली.

आणि मग तिला थांबता येईना. हात कापतो म्हणून घेते, घेतली की काम होतं, काम झालं की वाटतं आता नको, आणि संध्याकाळ आली की वाटतं आजच्यापुरती. बाटली लांबीच्या डब्यात ठेवते. घरात सगळ्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे, तरी वरून लांबीचा थर रोज नीट करते. सगळं त्याचं होतं, तिचं त्यात अक्षर नव्हतं. इतकी वर्षं हीच गोष्ट ती 'तुम्ही' म्हणून त्याच्या अंगावर फेकत आली होती. आज 'मी' म्हणून सांगताना तिला पहिल्यांदा कळलं की तो थर रोज नीट करताना माणसाला किती लाज वाटत असेल. तिला रडू फुटलं. कुणी "रडू नका" म्हणालं नाही. मास्तरांचा पाय ब्रेकवर जाऊन हळूच परत आला, एवढंच.

घरी तो ताट समोर घेऊन बसला होता, न जेवता.

"काय गं? कसं आहे?"

"खोली बरी आहे. चहा देतात."

"आणि माणसं?"

"आपल्यासारखीच. ओळखीचं कुणी नाही."

"उलटसुलट विचारतात का?"

"काही म्हणजे काही विचारत नाहीत."

"मग तू काय सांगितलंस?"

"तुमचंच सांगितलं. आणखी काय सांगणार?" ती म्हणाली. शब्द खोटा नव्हता, म्हणून तो तिच्या तोंडून सहज निघाला.

त्यानं ताट जवळ ओढलं. मग म्हणाला, "पुढच्या मंगळवारी अजून एकदा जाऊन ये. एका मापावर काच कापू नये."

ती दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली, मग किती वेळा गेली ते तिनं मोजलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. हा घरात बसून मिटिंगला जायला लागला. मंगळवारी ती परतली की तो विचारायचा, आज कोण काय बोललं. ती नावगाव न सांगता सांगायची. एकजण म्हणाला, सकाळची वेळ जड जाते तेव्हा आधी पोटात काहीतरी ढकलायचं. एक बाई म्हणाली, उद्याचं वचन द्यायचं नाही, आजचंच द्यायचं. तो ऐकायचा, आणि करूनही बघायचा. सकाळी उठल्याबरोबर दोन बिस्किटं खाऊन तो दुकान उघडायला लागला. लांबीच्या डब्यातली लांबी एकदा खरोखर संपली. तेव्हा तिनं नवा डबा आणला तो दुकानदारासमोर हसत हसत, आणि त्या बिचाऱ्याला कळेना की लांबीत एवढं हसण्यासारखं काय आहे.

कधी तोच निरोप द्यायचा. "त्यांना सांग, शनिवारी घसरलो." ती तिथं जाऊन सांगायची, "शनिवारी मी घसरले." मग खोलीतली सगळी माणसं तिच्याबरोबर मान खाली घालायची. नर्सबाई जाताना तिचा हात दाबायची. म्हणायची, "घसरलीस तर घसरलीस. आलीस ना?" त्या हाताची ऊब तिला घरापर्यंत पुरायची. ऊब खरी तर त्याची होती. घसरला तो होता. पण ती वाटेत थोडी स्वतःला ठेवून घ्यायची, आणि उरलेली घरी न्यायची. यात काही चुकतंय असं तिला वाटलं नाही. वाटलं असेल तरी तिनं ते बाजूला सारलं.

सांगायला नको, ती मंगळवारची वाट बघायला लागली. कारण दुकानात ती काचवाल्याची बायको होती, घरात पहारेकरी होती, आणि मुलीच्या फोनवर आज घेतली का नाही याची बातमी देणारी होती. त्या खोलीत मात्र ती बोलायची आणि माणसं ऐकायची. जगात एवढं साधं सुख असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तो मंगळवार आला.

दुपारी ती आत आली तर त्यानं दुकान अर्धं लावून घेतलं होतं. नखांतली लांबी रॉकेलनं धुऊन काढली होती, दाढी केली होती, आणि लग्नकार्यालाच निघणारा शर्ट घातला होता. सकाळपासून एक घोटही घेतला नव्हता.

"चल," तो म्हणाला, "आज मी येतो."

या वाक्यासाठी तिनं काय नाही केलं? ज्या दिवसासाठी जीव टांगणीला लावला तो दिवस ठेवणीतला शर्ट घालून समोर उभा होता, आणि ती जागीच थांबली. हा तिथं बसणार. स्वतःपुरतं बोलायचं म्हणून बोलणार. सकाळी हात कापतो, लांबीच्या डब्यात बाटली. खोलीतली सगळी माणसं आधी त्याच्याकडे बघतील आणि मग तिच्याकडे. हे तिला दिसलं. त्याच्यामागं आणखी काहीतरी होतं, त्याच्याकडे मात्र तिनं बघितलं नाही.

"आज मिटिंग नाही," ती म्हणाली. "मास्तर आजारी आहेत."

"असं होय?"

"पुढच्या मंगळवारी जाऊ ना. दोघं जाऊ."

मधल्या दिवसांत जाऊन नर्सबाईला गाठायचं, खरं सांगून टाकायचं, आणि मग त्याला हाताला धरून न्यायचं, असं तिनं मनाशी पक्कं ठरवलं. त्या संध्याकाळी घरात थांबवेना म्हणून ती टेप उचलून एका लांबच्या गिऱ्हाइकाकडे गेली आणि नको तितका वेळ एक गॅलरी मोजत बसली. परतली तेव्हा तो घरी होता. प्यायलेला नव्हता. त्यानं दोन ताटं मांडून ठेवली होती, आणि शर्ट घडी करून परत कपाटात गेला होता.

"माप घेतलंस?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"बरं," म्हणून तो जेवायला बसला.

नर्सबाईला गाठायचं त्या आठवड्यात राहून गेलं. पुढच्या मंगळवारी, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ती सकाळपासून त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता म्हणेल, मग म्हणेल. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो म्हणाला, "तू जाऊन ये. उशीर होईल तुला."

"तुम्ही येणार होतात ना?"

"मला एक काम आहे. तू जा गं. तुझं तिथं बरं चाललंय."

तिचा जीव भांड्यात पडला. पडला याची लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून ती थांबली नाही.

त्यानंतर प्रत्येक मंगळवारी तोच तिला घराबाहेर काढायला लागला. भांडी राहू दे म्हणायचा, मी घासतो. कोण काय बोललं हे मात्र त्यानं विचारायचं सोडलं. बिस्किटांचा पुडा तसाच मऊ पडून राहिला. लांबीच्या डब्याचं सोंगही आता कुणी करेना. बाटली सरळ कटरशेजारी टेबलावर आली. तिनं भांडून बघितलं, पाया पडून बघितलं, डॉक्टरांना घरी आणलं. "तुम्ही चला माझ्याबरोबर," असंही एकदा म्हणाली, आणि ते तोंडापुरतं नव्हतं; त्या दिवशी ती खरोखर न्यायला तयार होती. तो नुसता हसला. "तुझी जागा आहे ती," म्हणाला. तिला वाटलं टोमणा मारतोय. तिला राग आला.

खोलीत जाऊन ती सांगायची, "पुन्हा सुरू झालीय माझी. थांबत नाही." माणसं मान खाली घालायची. पण आता मान वर करताना तिच्याकडे बघायची नाहीत. मास्तरांचा पाय तर हलायचाच बंद झाला होता. आपली कीव करतात, असं तिला वाटलं.

एका सकाळी, काच कापायच्या टेबलावर जी जाड घोंगडी पसरलेली असते तिच्यावर, त्याला रक्ताची उलटी झाली. इस्पितळात त्याच्या नाकात नळ्या घातल्या. शुद्ध यायची आणि जायची. एकदा आली तेव्हा त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"आज मंगळवार ना?"

"हो."

"मग इथं काय करतेस? जा तू."

"नाही जात मी कुठं."

"जा गं," तो म्हणाला. जन्मभर ज्यानं तिला पुढं पाठवलं तो माणूस तेवढंच म्हणाला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. ती आणि मुलगी दोघी जवळ होत्या. त्याचे हात एकदम स्थिर झालेले बघून तिला इतकं भरून आलं की आवरेना.

सगळं उरकलं, मुलगी आपल्या घरी परत गेली, आणि मंगळवार आला. ती गेली. आता लपवायचं कुणासाठी आणि कशाला? खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडलेल्या होत्या. पाळीची वाट न बघता तिनं बोलायला सुरुवात केली.

"मी पीत नाही," ती म्हणाली. "कधीच घेतली नाही. पहिल्या दिवसापासून मी इथं जे सांगितलं ते ह्यांचं होतं. हे गेले. मी तुम्हाला फसवलं. तुमचा नियम मोडला. काय बोलायचं ते बोला."

कुणीच दचकलं नाही. नर्सबाई थर्मासचं झाकण नुसतं फिरवत राहिली.

"आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मास्तर म्हणाले. "भरलेला कप होता आणि एक थेंब सांडला नव्हता तुमच्या हातून. इथं पहिल्या दिवशी सगळ्यांचा सांडतो."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारायचं नाही हा नियम आमचाच. म्हटलं, बाई सांगेल तिला सांगायचं तेव्हा." ते थांबले. त्यांना पुढचं बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. "आणि ते येऊन गेले होते इथं. तुमचे मिस्टर."

तिला आधी शब्द कळले, अर्थ कळायला वेळ लागला.

"एका मंगळवारी तुम्ही आला नव्हतात, त्या दिवशी. दारात उभे होते. चांगला शर्ट घातलेला. मला म्हणाले, बायको म्हणाली आज मिटिंग नाही, पण ती कधी चुकीचं माप आणत नाही, म्हणून म्हटलं बाहेरून बघून तरी यावं काय झालंय. मी म्हटलं, मिटिंग आहे, या ना आत. तर त्यांनी विचारलं, इथं घरच्या माणसांनी बसलं तर चालतं का? मी म्हटलं, नाही, इथं फक्त पिणाऱ्यानं बसायचं, घरच्यांना वेगळा वार. तेव्हा ते हसायला लागले. म्हणाले, म्हणजे माझी बायको माझ्या वतीनं पितेय होय! मोठ्यानं हसले. आम्हीही हसलो."

नर्सबाईनं थर्मासचं झाकण खाली ठेवलं.

"मग त्यांनी विचारलं, मी इथं बसायला लागलो तर तिला उठावं लागेल का?" मास्तर खिडकीकडे बघत होते. "मी म्हटलं, नियमानं हो. माणूस दारात उभा होता, ताई, आणि मी त्याला नियम सांगितला. मला वाटलं, त्यात काय, तुम्हाला दुसऱ्या वारी बसवू. ते सांगायच्या आत ते म्हणाले, मग तिला उठवू नका. मंगळवारी ती इथून येते तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं असतं, म्हणाले. घरात एवढी वर्षं तिला बोलायला मी जागा ठेवली नाही, ही तरी राहू दे. आणि मी आलो होतो हे तिला सांगू नका. असं म्हणून खाली उतरले. मी जिन्यापर्यंत गेलो मागं. पण आम्ही कुणाला धरून आणत नाही."

नर्सबाई आता उघड रडत होती. सगळ्यांना वाटलं, काचवाल्याची बायको आता ओरडेल. ओरडायला हवंही होतं. एवढ्या सगळ्यांनी मिळून मूग गिळून एका माणसाला जिना उतरू दिला होता. पण ती ओरडली नाही. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक घट्ट धरली होती.

"खरं होतं त्यांचं," ती म्हणाली. "मला उठायचं नव्हतं. मी म्हणायची, ह्यांच्यासाठी जाते. पण मला यायला आवडायचं इथं. त्या दिवशी ते शर्ट घालून तयार होते, चल म्हणाले, आणि माझ्या मनात आलं, अजून एक मंगळवार. ह्यांना पुढच्या वेळी नेईन. एवढा एकच मंगळवार मला असू दे."

मास्तरांनी पुढच्या माणसाकडे पाळी दिली नाही. कुणी मागितलीही नाही.